खाडीच्या चिखलात आणि घाटात, दोन्हीकडे टिकेल असं जीपीएस घड्याळ कुठलं घ्यावं?

तिवरवाली (मुलुंड)

नमस्कार. घड्याळ घ्यायचंय, पण दुकानातल्या पाट्या आणि जाहिराती वाचून डोकं भणाणलंय. जरा लांब लिहिते, कारण माझं काम काय ते कळल्याशिवाय कुणी नेमका सल्ला देऊ शकणार नाही.

मी कांदळवनाच्या सर्वेक्षणाचं काम करते. मुलुंड आणि ऐरोलीच्या मधली ठाणे खाडी. ओहोटी बघून उतरायचं, गमबूट घालून पोटरीभर चिखलातून प्लॉटपर्यंत जायचं, १० बाय १० मीटरच्या चौकोनात तिवर आणि चिपीची झाडं मोजायची, खोडांचा घेर घ्यायचा, नवी रोपं मोजायची आणि पाणी वळायच्या आत बाहेर पडायचं. भरती लागली की आधी बारक्या नाळ्या भरतात आणि आलेली वाट बंद होते. हातात मोजपट्टी, काठी आणि वही. दोन्ही हात कोपरापर्यंत माखलेले असतात. रविवारी जमेल तसं घाटात जाते, बहुतेक कर्जत किंवा कसाऱ्याकडे.

आजवर फोनवर भागवलं. प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात. ओल्या बोटाला स्क्रीन दाद देत नाही, दुपारच्या उन्हात काही दिसत नाही, आणि गेल्या एप्रिलमध्ये नाळी ओलांडताना पिशवीची दोरी तुटून फोन गाळात गेला. सापडला, पण मेलेला.

त्याच्या आधीची एक गोष्ट मात्र मला अजून खुपते. गेल्या वर्षी फेब्रुवारीत आमच्याबरोबर काम करणाऱ्या एका मुलाकडे जीपीएस घड्याळ होतं. कंपनीचं नाव लिहीत नाही. दर १०० मीटरला एक असे १२ प्लॉट आम्ही एका रेषेत आखले, आणि प्रत्येक ठिकाणी घड्याळावरचे आकडे मी स्वतः फॉर्मवर उतरवले. ऑफिसात येऊन नकाशावर टाकले तर बाराच्या बारा ठिपके अरबी समुद्रात! जुहूच्या किनाऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटर आत. शिवाय दोन ठिपक्यांमधलं अंतर १०० मीटरऐवजी साठेक मीटरच येत होतं. पहिल्या प्लॉटचा आकडा असा आहे: १९.०८५१२, ७२.५८३००. घड्याळ बिघडलंय असं धरून आम्ही ते फॉर्म बाजूला टाकले, दुसऱ्या गटाकडून हातात धरायचं जीपीएस यंत्र मागून आणलं आणि सगळं पुन्हा मोजलं. त्यात सहा ओहोट्या गेल्या. त्या मुलाला मी सगळ्यांसमोर बोलले. त्यामुळे आता स्वतःचे पैसे घालताना धास्ती वाटते. एवढं चुकणारं घड्याळ असू शकतं का?

बजेट ३० हजार, फार तर ३५. भाऊ डिसेंबरात अमेरिकेहून येतोय, तिकडून आणायचं का तेही सांगा. माझं मनगट बारीक आहे, त्यामुळे फार थोराड घड्याळ नको.


ढोरवाट (डोंबिवली)

ताई, समुद्रातल्या ठिपक्यांचं मला सांगता येणार नाही, ते जाणकार सांगतील. घड्याळाचं सांगतो.

गार्मिनचं इन्स्टिंक्ट २ मी तीन पावसाळे वापरतोय. पाच बटणं आहेत, टच नाहीच. उजवीकडच्या वरच्या बटणाशी जीपीएस असंच लिहिलेलं आहे. ते दाबून धरलं की उभ्या जागेचे अक्षांश-रेखांश दिसतात आणि तिथल्या तिथे जागा साठवता येते. हातमोजा असो, चिखल असो, कोसळता पाऊस असो, बटण दाबलं गेलं हे बोटाला कळतं. तुमच्या कामाला मी हीच पहिली अट धरेन. टच स्क्रीनवर पावसाचे थेंब पडले की घड्याळ स्वतःच पानं उलटायला लागतं, हे मी बरोबरच्या लोकांच्या मनगटावर कितीदा पाहिलंय.

स्क्रीन काळी-पांढरी आणि छोटी. एमआयपी म्हणतात त्या प्रकारची, म्हणजे बाहेरच्या उजेडावर वाचायची. ऊन जितकं कडक तितकं स्पष्ट दिसतं. आणि ती सतत चालू असते. एका हातात काठी आणि दुसऱ्यात वही असताना मनगट झटकून स्क्रीन जागी करायची वेळ येत नाही, नुसती नजर टाकायची.

बॅटरी जीपीएस चालू ठेवून ३० तास असं कंपनी सांगते. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढलो, वर मुक्काम केला, दुसऱ्या दिवशी खिरेश्वरला उतरलो. दोन्ही दिवस नोंद चालू होती, रात्री बंद. कल्याणच्या एसटीत बसलो तेव्हा तिसरा हिस्सा बॅटरी शिल्लक होती. त्यात बॅटरी वाचवणारा अल्ट्राट्रॅक नावाचा मोड आहे, तो घाटात लावू नका. नोंदी विरळ होतात, वाटेची वळणं कापली जातात आणि रेष सरळ कड्यावरून गेल्यासारखी दिसते. त्याच रेषेवरून परत यायचं असतं, म्हणून सांगतोय. नोंद दर सेकंदाला असा पर्याय आहे, तोच ठेवा.

यात नकाशा नसतो, हे आधीच माहीत असू द्या. चाललात त्याची एक रेष आणि त्यावर तुम्ही, एवढंच. पण त्या रेषेने ऑगस्टमध्ये आम्हाला भीमाशंकरहून खाली आणलं. खांडसहून गणेश घाटाने अकरा जण चढलो होतो. परतताना पदरवाडीच्या वर धुकं असं दाटलं की पुढच्याची पाठपिशवी दिसेना. तिथे गुरांच्या इतक्या वाटा फुटतात की प्रत्येक वाट खरी वाटते. मी पुढे होतो. पाय सवयीने डावीकडच्या रुंद वाटेला लागले, आणि घड्याळावर माझा बाण सकाळच्या रेषेपासून हळूहळू सुटायला लागला. सगळ्यांना उभं केलं. चाळीसेक पावलं मागे गेलो तर कारवीच्या आड आमची खरी वाट, पाण्याने पाट वाहत होता म्हणून येताना ओळखूच आली नव्हती. मागे फिरून त्याच रेषेवर चालवणाऱ्या या सोयीला ट्रॅकबॅक म्हणतात. ती पहिल्यांदा धुक्यात उघडू नका. आधी घराजवळच्या बागेत चार फेऱ्या मारून शिकून घ्या.

अमेरिकेहून आणायचं असेल तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. काही नव्या महागड्या घड्याळांत उपग्रहावरून संदेश पाठवायची सोय असते, इनरीच वगैरे. आपल्याकडे उपग्रह फोन आणि अशी यंत्रं दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत, आणि त्यापायी विमानतळांवर लोकांना अटक झालेली आहे. नुसतं जीपीएस फक्त ऐकतं, पाठवत काही नाही, त्याला काही अडचण नाही. हमीचंही आधी विचारा. मी तरी इथेच घेईन.


पावसाळी (ठाणे)

माझं मत थोडं वेगळं आहे. माझ्याकडे अमेझफिट टी-रेक्स ३ आहे. वीस हजारांच्या आसपास मिळालं. चार बटणं आहेत, १० एटीएम आहे (म्हणजे १०० मीटर खोलीइतका पाण्याचा दाब सोसणारं), आणि मुख्य म्हणजे यात नकाशा आधीच उतरवून ठेवता येतो. रेंज नसताना ओढा कुठे, गाव कुठे, हे मनगटावर दिसतं. जीपीएस दोन पट्ट्यांवरचं आहे, म्हणजे उपग्रहाचे संदेश दोन वेगळ्या फ्रिक्वेन्सींवर ऐकणारं. ते इन्स्टिंक्ट २ मध्ये नाही. २एक्स आणि ३ मध्ये आहे.

स्क्रीन अमोलेड आहे, २००० निट्सची, उन्हातही वाचता येते. पण ढोरवाट म्हणतात ते खरं आहे. ती झोपते आणि मनगट उचललं की उठते. धो धो पावसात मी टच बंद करून बटणांवर चालवतो. नकाशा मात्र बटणांनी सरकवायला वेळ लागतो. ताईंना खाडीत नकाशाची गरज नसेल, वाट त्यांना ठाऊकच आहे. घाटात मात्र मला नकाशाशिवाय आता चुकल्यासारखं होतं.

हे घड्याळ मोठं आहे. बारीक मनगटावर बाहीत अडकेल. दुकानात जाऊन घालून बघा.


मोजणीदार (गिरगाव)

तिवरवाली ताई, आपलं घड्याळ बिघडलेलं नव्हतं. आकडेही चुकलेले नाहीत. ते फॉर्म फेकले नसतील तर कृपा करून जपून ठेवा.

मी ३४ वर्षं मोजणीच्या कामात काढली, आता निवृत्त आहे. आपण लिहिलेलं ६० मीटरचं अंतर वाचलं आणि मी वहीच ओढून घेतली. शंभराचे साठ झाले की मोजणीवाल्याला एकच शंका येते: अंशाचे भाग ६० धरायचे की १०० यात घोळ झालाय.

जागा लिहायच्या प्रचलित पद्धती तीन. अंश, कला (मिनिटं), विकला (सेकंद) ही जुनी. अंश आणि दशांशात कला ही दर्यावर्दी लोकांची, आणि बरीच घड्याळं डब्यातून निघतात ती याच पद्धतीवर लावलेली असतात. गार्मिनचीही. तिसरी नुसती दशांश अंशांची, जी फोनवरचे नकाशे वापरतात. आपल्या घड्याळावर बहुधा १९ अंश ०८.५१२ कला असं दिसत होतं. ते १९.०८५१२ असं उतरवलं गेलं. एका अंशात ६० कला असतात, म्हणून ८.५१२ ला ६० ने भागायचं: ०.१४१८७. म्हणजे खरा अक्षांश १९.१४१८७. रेखांशाच्या ५८.३०० कला भागिले ६०, म्हणजे ०.९७१६७, आणि खरा रेखांश ७२.९७१६७. ही जागा नकाशावर टाकून बघा, मुलुंड-ऐरोलीच्या मधल्या खाडीत येते. लिहिलेल्या आकड्याने अक्षांशात सहा-सव्वासहा किलोमीटर आणि रेखांशात चाळीस किलोमीटरच्या वर सरकलात, म्हणून थेट समुद्रात. आणि ६० च्या जागी १०० ने भागलं गेल्यामुळे प्रत्येक अंतर साठ टक्के झालं. बाकीच्या अकरा आकड्यांत दशांश चिन्हानंतरचे पहिले दोन अंक बघा. ते ६० किंवा त्याच्या वर कुठेही गेलेले नसतील. तीच खूण.

घड्याळ कुठलंही घ्या, पहिल्या दिवशी सेटिंगमध्ये जाऊन जागेची पद्धत दशांश अंशावर लावा आणि आपल्या फॉर्मवरही तसंच छापून घ्या. दशांश चिन्हानंतर पाच अंक उतरवा. पाचवा अंक म्हणजे साधारण १ मीटर, चौथा म्हणजे ११ मीटर. चार अंकांवर थांबलात तर आपला आख्खा प्लॉट एका अंकात मावतो. आपल्या ऑफिसचे नकाशे यूटीएम पद्धतीत, म्हणजे जागा मीटरमध्ये सांगणाऱ्या पद्धतीत असतील तर मुंबई ४३ व्या झोनमध्ये येते. हे घाटातही कामाचं आहे. कुणी पडलं, ११२ ला फोन लावला आणि घाबरलेल्या आवाजात आकडे वाचून दाखवले, तर ऐकणाऱ्याने ते कुठल्या पद्धतीचे समजायचे? अंश, कला हे शब्द उच्चारून सांगावे, किंवा दशांश अंश आहेत असं स्पष्ट म्हणावं.

आता घड्याळाकडून अपेक्षा किती ठेवायची ते. मोकळ्या आभाळाखाली मनगटावरचं जीपीएस ३ ते ५ मीटरच्या आत-बाहेर असतं. तिवराच्या दाट पानोऱ्याखाली त्याहून वाईट, कारण ओली पानं संदेश शोषतात आणि खोडं, पाणी तो परतवतात. आपला प्लॉट १० मीटरचा. तेव्हा घड्याळ आपल्याला प्लॉटपर्यंत पोचवेल, प्लॉटचा कोपरा कुठला ते सांगणार नाही. कोपऱ्यावर पाइप रोवा, पट्टीने मापा, आणि घड्याळाचं काम पुढच्या वर्षी पाइपाजवळ आणून सोडण्यापुरतंच ठेवा. आकडा घेताना हात अंगापासून लांब धरा, तबकडी आभाळाकडे, आणि दोन-तीन मिनिटं हलू नका. अंग आणि हात अर्धं आभाळ झाकतात हे लोकांच्या लक्षातच येत नाही. उपग्रह आपली कक्षेची माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा सांगत असतो. ती पूर्ण ऐकायला मिळाली की जागा लवकर पक्की होते. म्हणून झाडीत शिरायच्या आधी बांधावर मोकळ्यात मिनिटभर थांबून जीपीएस लावा आणि मग आत जा. निघण्यापूर्वी घरी फोनला जोडून घेतलं तर ही माहिती आधीच घड्याळात येते, काम आणखी सोपं.

दोन पट्ट्यांच्या जीपीएसबद्दल पावसाळी यांनी लिहिलंय ते बरोबर आहे. एक पट्टा १५७५.४२ मेगाहर्ट्झ, दुसरा ११७६.४५. कड्यावर आपटून आलेला संदेश थेट आलेल्यापेक्षा उशिरा पोचतो, आणि तो ओळखून बाजूला काढायला दुसरा पट्टा मदत करतो. सांदण दरीसारख्या चिंचोळ्या जागेत किंवा कोकणकड्याच्या पायथ्याला हा फरक दिसेल. उघड्या खाडीत फारसा नाही. जीपीएससारखीच भारताची उपग्रह यंत्रणा म्हणजे नाविक. तोही याच दुसऱ्या पट्ट्यावर बोलतो, आणि २०२३ च्या मे महिन्यात सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहापासून पहिल्या पट्ट्यावरही बोलायला लागला.

उंचीवर भाबडा विश्वास ठेवू नका. बॅरोमीटरवाली घड्याळं हवेच्या दाबावरून उंची काढतात. १ हेक्टोपास्कल दाब कमी झाला की साधारण ८ मीटर उंची वाढल्यासारखी दिसते. आपल्या पट्ट्यात दाब रोजच वर-खाली होतो, सकाळी दहाच्या सुमारास चढतो आणि दुपारी चारच्या सुमारास उतरतो. तीनेक हेक्टोपास्कल तरी. माझं घड्याळ गिरगावातल्या टेबलावर ठेवलेलं असतं आणि दुपारी २५ मीटर वर चढलेलं असतं. डोंगरावर निघताना माहीत असलेल्या उंचीवर ते जुळवून घ्या. कळसूबाईच्या माथ्यावर १६४६ लावून बघा आणि दुसऱ्या दिवशी घरी काय दाखवतं ते नोंदवा, म्हणजे अंदाज येईल. आणि चौपाटीवर उभं राहून एखाद्या फोनच्या अ‍ॅपने उंची उणे ६० दाखवली तर घाबरू नका. ते समुद्रपातळी न धरता पृथ्वीच्या गणिती आकारापासून मोजतं, आणि भारताच्या बाजूला समुद्राची पातळी त्या आकाराच्या बरीच खाली आहे.

शेवटी, पाटीवरच्या मिलिटरी ग्रेड या शब्दांबद्दल. एमआयएल-एसटीडी-८१० ही अमेरिकेच्या संरक्षण खात्याची चाचण्या कशा घ्याव्यात याची संहिता आहे. घड्याळ पास झालं असा दाखला देणारी कुठलीही संस्था नाही. उत्पादक त्यातल्या आपल्याला हव्या त्या चाचण्या स्वतः घेतो. त्या शब्दांवर एक रुपयाही जास्त देऊ नका. १० एटीएम मात्र बघा.


तिवरवाली (मुलुंड)

काका, वाचून मी खुर्चीतून उठले. फॉर्म आहेत. कपाटाच्या खालच्या खणात, दोरीने बांधलेले. आणि आत्ता काढून बघितले तर रकान्यात '१९.' आणि '७२.' आधीच छापलेलं आहे! घड्याळावर दोन ओळींत आकडे होते, मी अंशाचं चिन्ह सोडून पुढचे अंक त्या छापील ठिपक्यानंतर भरत गेले. बाराही ओळी तपासल्या. ६० च्या वर एकही नाही.

आज रात्री बसून सगळे भागून काढते. नंतर घेतलेली मोजणीही आहेच, दोन्ही शेजारी ठेवून बघते.

एक राहिलंच. मिठाचं काय? माझ्या मैत्रिणीच्या घड्याळाच्या चार्जिंगच्या पिना चार महिन्यांत हिरव्या पडल्या होत्या.


वेसावकर (अंधेरी)

आमच्या घरी होडी आहे, मी अधूनमधून बाबांबरोबर जातो. मिठाचं आम्हाला रोजचंच. खारं पाणी घड्याळात शिरत नाही, ते वर वाळतं आणि मग खातं. काम संपवून बांधावर आल्याबरोबर बाटलीतल्या गोड्या पाण्याने धुवा, घरी जाईपर्यंत थांबू नका. धुताना प्रत्येक बटण पाण्याखाली दहा-बारा वेळा दाबा. बटणाच्या खाचेत मीठ आणि गाळ बसतो आणि मग ते अडकतं. मागच्या पिना फडक्याने कोरड्या केल्याशिवाय चार्जर लावायचाच नाही. ओल्या खाऱ्या पिनांना वीज लागली की हिरवं धरलंच समजा. मी जुना दात घासायचा ब्रश ठेवलाय त्यासाठी.

डासांचं औषध लावत असाल तर त्यावर डीट लिहिलंय का बघा. ते प्लास्टिक खातं. औषध लावलं की तळहात पुसून मगच घड्याळाला हात लावा, आणि मनगटाला पट्ट्याच्या खाली लावू नका. पट्टा कापडी घेऊ नका, खाऱ्या पाण्यात तो कडक होऊन मनगट सोलतो. सिलिकॉन बरा.


तिवरवाली (मुलुंड)

दहा दिवसांनी लिहिते आहे, पण सगळं सांगायचंय.

आधी जुने आकडे. त्या रात्री बाराही भागून काढले आणि नकाशावर टाकले. बाराच्या बारा आपल्या खाडीत, आपल्या रेषेत, शंभर-शंभर मीटरवर! नंतर मागून आणलेल्या यंत्राने घेतलेले ठिपके त्यांच्याशेजारी टाकले. सगळ्यांत कमी फरक ४ मीटर आला आणि सगळ्यांत जास्त ९, तोही सर्वांत दाट झाडीतल्या आठव्या प्लॉटला. म्हणजे ज्या घड्याळाला मी मोडीत काढलं होतं त्याने पाइपापाशी आणून सोडायचं काम चोख केलं होतं. काका, फेब्रुवारीतली मोजणी त्या आकड्यांअभावी आम्ही अहवालातून वगळली होती. ती आता परत घेतोय. त्या वेळी चिपीची नवी रोपं किती होती याची तेवढीच नोंद आमच्याकडे आहे. तुमचे आभार कसे मानू ते कळत नाही. नवीन फॉर्म छापायला दिलेत. रकान्यात आधीपासून काहीही छापलेलं नाही, आणि वर ठळक लिहिलंय: दशांश अंश, पाच अंक.

त्या मुलाला फोन केला. आता तो रत्नागिरीला असतो. चूक माझी होती, घड्याळाची नव्हती आणि तुझी तर नव्हतीच, असं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "मॅडम, ते घड्याळ मी तेव्हाच विकलं." मला फार वाईट वाटलं. पुढच्या महिन्यात तो मुंबईत येतोय, तेव्हा खाडीत ये म्हटलंय, त्याचे बारा प्लॉट त्याला दाखवायचे आहेत.

आता घड्याळ. या आकड्यांनीच निर्णय सोपा केला. साध्या एका पट्ट्यावरच्या घड्याळाने ९ मीटरच्या आत आणून सोडलंय, त्यामुळे खाडीसाठी दोन पट्ट्यांना जास्तीचे पैसे घालायची गरज मला वाटली नाही. दादरच्या एका दुकानात गेले आणि विक्रेत्याची परवानगी घेऊन बाटलीतल्या पाण्याने बोटं ओली केली आणि तीन घड्याळं चालवून बघितली. मोठ्या रंगीत स्क्रीनवरचा नकाशा सुंदर होता, पण ओल्या बोटाने तो माझ्या हातून दोनदा निसटला. शिवाय वही धरली की घड्याळाची कड मनगटाच्या हाडावर टोचत होती. इन्स्टिंक्ट २ घेतलं, ५२ ग्रॅमचं. घाटात नकाशा लागला तर फोनवर उतरवून ठेवेन, तो पिशवीत कोरडा राहील. भावाला सांगितलं काही आणू नकोस म्हणून. उरलेल्या पैशांत ३० मीटरची नवी मोजपट्टी आणि कोपऱ्यांसाठी पीव्हीसी पाइप घेतले.

दुकानातून बाहेर पडायच्या आधीच काउंटरवर उभी राहून पद्धत दशांश अंशावर लावली, नोंद दर सेकंदाला लावली. घराजवळच्या मैदानात तीन संध्याकाळी ट्रॅकबॅक करून बघितलं.

काल भांगाचा दिवस होता, पाणी फार मागे हटलं नव्हतं, त्यामुळे सातव्या प्लॉटपर्यंतच जाता आलं. बांधावर मिनिटभर थांबून जीपीएस लावलं आणि आत शिरले. सातव्याजवळ तिवराची श्वसनमुळं इतकी दाट आहेत की पाय कुठे टाकावा कळत नाही, नजर खालीच ठेवावी लागते. घड्याळाने मनगटावर थरथरून सांगितलं, पोचलात. वर बघितलं तर पाइप दिसेना. हात लांब केला, तबकडी वर, दोन मिनिटं हलले नाही, वरचं बटण दाबून धरलं. चिखलाने माखलेला अंगठा होता तरी पहिल्या दाबात लागलं. आकडा उतरवला आणि काठीने डावीकडची मुळं बाजूला सारली. पाइप तिथेच होता, तीन पावलांवर, गळ्यापर्यंत गाळात आणि वर एक लहान लाल खेकडा.

वेसावकर दादा, बांधावर आल्यावर बाटली रिकामी होईपर्यंत धुतलं. बटणं बारा-बारा वेळा.